काचघरातलं कणीस

शिवप्पा लातूरच्या धान्यबाजारात, मोंढ्यात, तूर-हरभऱ्याची खरेदी करायचा, आणि खरेदी करणाऱ्या माणसाची खोड त्याला पुरेपूर जडली होती. माल पसंत पडला की आधी त्याला नावं ठेवायची. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, चार दाणे तोंडात टाकायचे, एक दाढेखाली कट्कन फोडायचा आणि कपाळाला आठ्या घालून म्हणायचं, "ओल हाय. खडा हाय. दाणा बारीक हाय." एवढं ऐकलं की शेतकरी मनातून खूश, कारण आता सौदा होणार. ज्या मालाला शिवप्पा "मस्त हाय की!" म्हणून पुढच्या ढिगाकडं वळायचा, तो माल त्याला नको असायचा. मोंढ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

अडचण एवढीच की मोंढ्याबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच्या बायकोनं, गौरम्मानं, या खोडीचं नुकसान मनात टिपून ठेवलं होतं. एकुलती लेक अंबिका. लातुरातल्या एका शिकवणीत बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवायची. तिला औशाचं इंजिनिअरचं स्थळ आलं, मुलगा शिवप्पाला बघताक्षणी आवडला, म्हणून चहा पितापिता तो म्हणाला, "पोरगं जरा वाळून गेल्यावानी दिसून राहिलंय." पोराच्या आईनं कप खाली ठेवला तो परत उचललाच नाही. उदगीरचा प्राध्यापक त्याला त्याहून आवडला, तेव्हा त्यानं कानांचा विषय काढला. आणि निलंग्याच्या सर्जनवर तर तो इतका खूश झाला की सगळ्यांदेखत विचारलं, "हात थरथरत्यात का तुमचे?" उलट एका ठेकेदाराचं पोरगं, दिवसाढवळ्या तोंडाला वास येणारं, त्याला तो "मस्त हाय, मस्त हाय" म्हणत राहिला. ते लोक होकाराची वाट बघत बसले.

आता नांदेडचं स्थळ होतं. संगमेश्वर. तिथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा आणि कॉलेजची बागही तोच बघायचा. शिक्षकांच्या कुठल्याशा शिबिरात अंबिकेची नि त्याची ओळख झाली, पुढं फोनवर ती वाढली. अंबिकेनं आईला स्वयंपाकघरात गाठून सांगून टाकलं होतं, "अव्वा, मला हा पसंत आहे. अप्पांनी हे स्थळ मोडलं तर मी पुन्हा कुणापुढं बसणार नाही. आणि पोह्याचे ट्रे घेऊन तर नाहीच नाही. भेटायचं तर त्याच्या बागेत भेटू."

पोरगी आईवर गेली होती. एकदा बोलली की बोलली.

त्यामुळं माघातल्या त्या सकाळी नांदेडच्या रस्त्यावर, लोहा गाव मागं टाकल्यावर, गौरम्मानं नवऱ्याला धारेवर धरलं. गाडी अंबिका चालवत होती.

"तुम्ही आज दोनच शब्द बोलायचे. हाव, आणि बरं."

"आणि पोरगं आवडलं तर?"

"आवडलं तर लईच गप बसा."

"अगं पण माल बघून काहीच बोललं न्हाई तर समोरच्याला वाटंल, ह्याला कळत न्हाई."

"वाटू द्या. तीन घरं तुम्हाला कळतंय म्हणून गेली."

अंबिका हसली. तिचं हसणं म्हणजे पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. शिवप्पानं खिडकीबाहेर बघत एका उभ्या तुरीला "फुटवा कमी हाय" म्हणून घेतलं आणि जीव शांत केला.

बागेच्या फाटकाशी संगमेश्वर आणि त्याची आई नीलाबाई उभे होते. नीलाबाई अंगानं भरलेली, जरीच्या काठाची साडी, हातात लाडवांचा स्टीलचा डबा. नांदेडात त्यांचं साड्यांचं दुकान. नवरा लग्नसराईची गर्दी सोडून येऊ शकला नव्हता. "शरणार्थ, शरणार्थ" असे नमस्कार झाले. नीलाबाईनं अंबिकेकडं बघितलं ते गौरम्माच्या नजरेतून सुटलं नाही. वरपासून खालपर्यंत, मग कडेकडेनं, मग पुन्हा एकदा वरून. साडीची घडी मोडून बघावी तसं. ही बाई कच्ची नाही, असं गौरम्मानं मनात नोंदवलं, आणि तिची धास्ती आणखी वाढली.

बाग मात्र बघण्यासारखी होती. बाहेर मराठवाड्याची काळी ढेकळं आणि आत शिरलं की हिरवंगार. दालचिनीचं झाड होतं, त्याची साल संगमेश्वरानं नखानं खरवडून गौरम्माला वास दिला. कोकोच्या शेंगा थेट बुंध्याला लटकत होत्या. एका वळणावर उंच झाड आलं, बुंध्यापासूनच गुलाबी फुलं लगडलेली, आणि प्रत्येक फुलात जणू फणा काढलेला नाग आणि खाली पिंड.

"नागलिंग!" गौरम्मानं हात जोडले.

"हो, कैलासपती पण म्हणतात," संगमेश्वर म्हणाला. "मूळचं दक्षिण अमेरिकेतलं आहे."

"असू दे," नीलाबाई म्हणाली. "महादेव कुठं पन जातो."

सगळे हसले. शिवप्पाही हसला आणि म्हणाला, "हाव." गौरम्माला बरं वाटलं. पोरगा बोलताना पुढं वाकून बोलत होता, आणि प्रत्येक झाडाला हात लावल्याशिवाय त्याचं नाव सांगत नव्हता. अंबिका त्याला मध्येच अडवून लॅटिन नावं सुधारत होती आणि तो सुधारून घेत होता. गौरम्मानं आपल्या मनाच्या पानावर ही रक्कम जमेच्या बाजूला मांडली. लॅटिन तिला कळत नव्हतं, पण बायकोनं चूक दाखवल्यावर ऐकणारा माणूस तिला कळत होता.

पुढं काचघर होतं. नीलाबाईला आत घुसमटायचं, म्हणून ती बाहेरच्या बाकावर बसली. बाकीचे चौघं आत गेले आणि अंगाला ओलसर ऊब चिकटली. वरून बारीक तुषार पडत होते.

"ही पावसाळी जंगलातली झाडं," संगमेश्वर सांगू लागला. "यांना आपली कोरडी हवा सोसत नाही. म्हणून इथं ओल धरून ठेवावी लागते."

शिवप्पा थबकला. जन्मभर ज्या ओलीशी त्याचं वैर, ती इथं पाळून ठेवली होती.

"मुद्दाम?"

"हो."

"पाणी मारून मुद्दाम ओल?"

"अप्पा," अंबिकेनं दटावलं.

"बरं," शिवप्पा म्हणाला. पण तो फार वेळ थांबला नाही. भिंतीला धरून चढलेल्या एका थोरल्या वेलाची पानं सुपाएवढी होती आणि त्यांना भोकंच भोकं. शिवप्पानं पान उलटंपालटं केलं. "कीड खाऊन गेलीय. औषध मारत न्हाई काय?"

गौरम्मानं त्याला चिमटा काढला, पण तिला पानाची फिकीर नव्हती. पानाला नावं ठेवली म्हणजे पोरगा आवडलेला होता. थोड्याच वेळात गाडी पानावरून पोरावर येणार होती.

"कीड नाही अप्पा, पान असंच येतं," संगमेश्वर अगदी शांतपणे म्हणाला. "आणि हे बघा याचं फळ. आपल्याकडं सहसा धरत नाही. या वेलाला पहिल्यांदाच आलंय. वर्ष लागतं पिकायला."

पानांच्या आड हिरवं, वीतभर लांब फळ उभं होतं. हुबेहूब मक्याचं कणीस, फक्त दाणे षटकोनी, खवल्यांसारखे, एकमेकांना घट्ट चिकटलेले. शिवप्पाचे डोळे चमकले. इतक्या पानाफुलांत सकाळपासून त्याला पहिल्यांदाच ओळखीचं काहीतरी भेटलं होतं. दाणा.

"याचं नावच डेलिसिओसा, म्हणजे चविष्ट. पिकल्यावर अननस आणि केळं एकत्र खाल्ल्यासारखं लागतं. पण—"

"अगंबाई, पानावर बेडूक!" अंबिका ओरडली. एवढासा, पोपटी. संगमेश्वर वळला, गौरम्मा वळली, आणि ते "पण" तिथंच हवेत राहिलं.

मागं शिवप्पानं दोन बोटांनी सवयीनं कणसाचा एक दाणा उचकटला आणि दाढेखाली फोडला.

आधी त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. मग त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. डोळ्यांतून पाणी. जिभेवर कुणी सुयांचा पुडा रिकामा करावा तसं त्याचं तोंड झालं. गौरम्मानं बघितलं तर नवरा हवेत हात मारत होता आणि घशातून "ह्… ह्…" एवढंच.

"अप्पा, खाल्लं? कच्चं?" संगमेश्वर एका उडीत आला. "थुंका, थुंका! गिळू नका!" बाटलीतलं पाणी देऊन त्यानं गुळण्या करायला लावल्या. "घाबरू नका काकू. खाजरं अळू कसं घशाला खाजतं, तसंच, पण त्याच्या दहापट. यात बारीक सुयांसारखे कण असतात." मग त्यानं ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला, शिवप्पाची जीभ बाहेर काढायला लावून बघितली, श्वास नीट आहे ना ते दोनदा विचारलं, आणि मागच्या दारानं फाटकाजवळच्या कँटीनमधून थंड दूध आणायला पळाला. इतक्या जपलेल्या फळाचा दाणा तुटला होता, तिकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. गौरम्मानं ते बघितलं.

दूध पोटात गेल्यावर आग कमी झाली. डॉक्टर म्हणाले होते, थंड देत राहा, सूज वाढली तर या, नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळं ठीक. फक्त आवाज तेवढा बसेल.

"आवाज?" गौरम्मानं विचारलं.

"बोलता येणार नाही काही तास."

माहूरच्या रेणुकामातेनं गौरम्माची आजवरची सगळी गाऱ्हाणी ऐकली नव्हती. ही मात्र ताबडतोब ऐकली. तिनं चेहरा जमेल तितका काळजीचा केला आणि म्हणाली, "अरेरे." मग संगमेश्वराच्या कानाशी लागली, "बाबा, आईला सांगू नको हं. पावन्यानं आल्याआल्या झाड खाल्लं म्हनून."

"नाही सांगत," तो म्हणाला, आणि त्याच्या ओठाची कड हलली.

पोरं आत बेडकाचे फोटो काढायला थांबली. गौरम्मा नवऱ्याला घेऊन बाहेर बाकाकडं आली. तिच्या चालीत लग्नाघरातली लगबग होती. आता काय, पोरगं चांगलं, पोरगी राजी, आणि तोंडाला बाहेरून कुलूप.

नीलाबाईनं जागा करून दिली. डबा उघडला. "घ्या अप्पा. कसं वाटलं आमचं पोरगं?"

शिवप्पानं मान हलवली आणि सुजल्या तोंडानं हसला. लाडू हातानंच नको म्हटला.

"काही विचारायचं असंल तर विचारा हां. नोकरी पक्की हाय. पन रोज मातीत हात. तुम्हाला खटकत असंल ना?"

शिवप्पानं पुन्हा मान हलवली. न्हाई, काहीच न्हाई.

"उंची, शिक्षान?"

मान.

"लई सोन्यासारखा मुलगा हाय हो तुमचा!" गौरम्मानं भर घातली. "बोलनं गोड. वागनं गोड. काही म्हनून कमी न्हाई. लई छान!"

आणि तिच्या लक्षात आलं की नीलाबाईचा चेहरा उतरत चाललाय. प्रत्येक "छान"गणिक एकेक घडी घातल्यासारखा. नीलाबाईनं डब्याचं झाकण उचललं आणि हळूच बसवलं.

"असू द्या ताई," ती म्हणाली. "मला मालूम हाय. काउंटरवर जिंदगी गेली माझी. गिऱ्हाईक गादीवर बसतं, साडी बघतं, 'छान हाय, रंग छान, काठ छान' म्हनतं नि उठून जातं. ज्याला घ्यायची असती ते म्हनतं, काठ बारीक हाय, रंग जाईल, पदर आखूड हाय. नावं ठेवनारं गिऱ्हाईक घेतल्याबिगर जात न्हाई, नि गप बसनारं कधी घेत न्हाई. तुमचे मालक तर एक शबूद बोलून न्हाई राहिले. आमचं पोरगं झाडात रमतं, लोकांना न्हाई आवडत. काय जबरदस्ती हाय का."

गौरम्माच्या पायाखालची वाळू सरकली. इतकी वर्षं ज्या तोंडाला ती कुलूप शोधत होती, त्याची भाषा कळणारी बाई आज नेमकी समोर होती, आणि आजच तोंड बंद. औशात नको तेव्हा चाललं, उदगिरात चाललं, निलंग्यात चाललं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो जिवाच्या आकांतानं हात हलवत "ह्… ह्…" करत होता. नीलाबाईला वाटलं, उठायची घाई झालीय.

ती डबा पिशवीत घालू लागली.

खरं सांगून टाकावं, हा एक मार्ग होता. पण यांनी झाड खाल्लं म्हणून गप आहेत, हे कोण खरं मानणार? गौरम्मानं पदर खोचला, एक दम घेतला, आणि मोंढ्यात उभी राहिली.

"एक बोलू का ताई? राग मानू नका. मुलगा जरा वाकून चालतो."

नीलाबाईचा हात पिशवीतच थांबला.

"वाकून?"

"पाठीला बाकच हाय म्हना ना."

"बाक कशाचा!" नीलाबाई वळून बसली. "झाडं खाली असत्यात, वाकल्याबिगर दिसतील का? उभा राहिला की ताडावानी हाय!"

"ताडावानी हाय तेच तर. आमच्या पोरीला मान वर करून बोलावं लागंल जन्मभर."

"म्हनजे मान ताठ राहील!"

"नखांत माती हाय."

"जाती की साबनानं! कच्चा रंग न्हाई आमचा!" नीलाबाईनं डबा पिशवीतून बाहेर काढून मांडीवर ठेवला. तिच्या गालांवर रंग परतला होता. "आता मी बोलू? तुमची पोरगी हसती की पत्रं वाजत्यात?"

"मोकळ्या मनाची हाय! शेजारी चोर शिरायचा न्हाई!"

"नि वाटंत माझ्या पोराला सारखी टोकत होती, मी आइकलं."

"चुकंल तर टोकंलच! मास्तरीन हाय!"

शिवप्पा तोंड उघडं टाकून बायकोकडं बघत होता. इतकी वर्षं तो तिला बाजार दाखवत होता आणि ही त्याच्या वरचढ निघाली होती. त्याच्यानं राहवेना. त्यानं गौरम्माचा दंड हलवला आणि आपल्या दोन्ही कानांना हात लावून ते बाहेर ओढून दाखवले.

"आणि हे म्हनत्यात," गौरम्मानं भाषांतर केलं, "कान मोठे हायत."

"हायतच!" नीलाबाई आनंदानं ओरडली. "त्याच्या बापाचे हायत! बघितलं, अप्पांनी नीट बघितलंय पोराला!"

ते वाक्य गौरम्माच्या मनात रुतून बसलं. नावं ठेवायची तर माल नीट बघावा लागतो. पाठीचा बाक, नखातली माती, हे सगळं तिनंही आत्ताच धुंडाळलं होतं, आणि धुंडाळता धुंडाळता तो पोरगा तिला आधीपेक्षा जवळचा झाला होता. तिच्या स्वतःच्या बघण्याला उदगिरात तरणा शिवप्पा तिच्या वडिलांना भर बैठकीत म्हणाला होता, "पोरगी बुटकी हाय, नि भुवई एक वर एक खाली हाय." ते बोलणं तिनं त्याच्या नावे मांडून ठेवलं होतं, आणि भांडण झालं की बाहेर काढायची. एक भुवई वर आहे, हे तिच्या आईलासुद्धा कधी दिसलं नव्हतं.

तिनं नवऱ्याच्या सुजल्या तोंडाकडं बघितलं आणि ती रक्कम गपचूप खोडून टाकली.

नेमके तेव्हा काचघराचं दार उघडून दोघं बाहेर आले. बाकावर दोन्ही आया गुडघ्याला गुडघा लावून, तारस्वरात.

"—कान मोठे, आणि वर तुमच्या पोराला झाडाशिवाय काही बोलता येत न्हाई!"

"—आणि तुमच्या पोरीचे केस बघा, कंगवा तुटंल!"

संगमेश्वर पांढरा पडला. अंबिका तरातरा आली.

"अव्वा! अप्पा बोलतील म्हणून मी जीव मुठीत धरून होते, आणि तू? तू?" तिचे डोळे भरले. "आता ऐका सगळे. मी याच्याशीच लग्न करणार. तुम्हाला कान आवडोत, न आवडोत. मला आवडतात."

दोन्ही आयांनी एकमेकींकडं बघितलं. नीलाबाईनं डाव्या खांद्यावर तळवा ठेवला आणि खालपर्यंत फिरवला, दुकानात आरशासमोर गिऱ्हाईक करतं तसा.

"झालं!" ती म्हणाली. "पोरीनं पदर खांद्यावर टाकला. आता साडी परत घडीत जात न्हाई."

अंबिकेला काही कळेना. तिला समजावून सांगताना गौरम्माला कणसाचीही गोष्ट सांगावी लागली, कारण नीलाबाईनं शेवटी विचारलंच, अप्पांचं आज मौन आहे का. ती गोष्ट ऐकून नीलाबाई अशी हसली की डब्यातले लाडू वाजले, आणि बाकाचा तिच्याकडचा पाय मातीत रुतला.

"थांबा थांबा," तिनं डोळे पुसत विचारलं. "म्हनजे तुमचे मालक एरवी बोलनारे हायत?"

"लई."

"मग आवाज यायच्या आत तारीख धरू. न्हाईतर हे मंडपालाच नावं ठेवत बसतील."

शिवप्पानं जोरजोरात मान हलवून हात वर केला. त्याला बोलायचं होतं. सगळे थांबले. त्यानं संगमेश्वराला जवळ बोलावलं, काचघराकडं बोट केलं, दोन बोटांनी दाणा उचकटल्याची खूण केली, आणि मग दोन्ही हात जोडून मान खाली घातली.

"अहो अप्पा, जाऊ द्या," संगमेश्वर गोंधळून म्हणाला. "फळ शाबूत आहे. एकच दाणा गेला. पुढच्या थंडीत पिकेल. तेव्हा या, पिकलेलं खाऊ घालतो."

"येत्यात की," नीलाबाई म्हणाली. "जावयाकडं न्हाई तर कुठं जातील?"

तोंड गोड करायचं म्हटलं तर शिवप्पाला लाडू चालत नव्हता. संगमेश्वर फाटकावरून मटका कुल्फी घेऊन आला, सगळ्यांना एकेक. नीलाबाईनं पहिली शिवप्पाच्या तोंडाला लावली. त्यानं डोळे मिटले. जिभेवरच्या सुया एकेक करून विझल्या असाव्यात, कारण त्यानं डोळे उघडले तेव्हा नुसती काडी उरली होती आणि त्याचा हात गौरम्माच्या कुल्फीकडं आला होता.

"घ्या," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीपत्तूर दुसरं काही चावू नका."